एका अर्ध्या 'द'साठी

ओजस, तन्वी,

मागच्या रविवारी मी फोनवर बुधीबद्दल सांगायला लागले, तर ओजस म्हणाला, "आजी, तिला स्कॉलरशिप मिळाली ना? मग प्रॉब्लेम काय आहे?" तेवढ्यात तुमच्या दाराची घंटा वाजली, कोणीतरी आलं आणि फोन ठेवला गेला. त्या प्रश्नाचं उत्तर आठवडाभर माझ्या डोक्यात घोळतं आहे. बुधी परवा गेली. माझे गुडघे अजून दुखतात आणि रागही अजून उतरलेला नाही. तो उतरला की मी समजूतदारपणे लिहीन, आणि मग तुम्हाला काहीच कळणार नाही. म्हणून आत्ताच लिहिते. मराठी वाचताना तुम्हाला जोडाक्षरं अडतात हे मला ठाऊक आहे, पण नाइलाज आहे. ही सगळी हकिकत एका जोडाक्षराचीच आहे.

आधी बुधी कोण, ते सांगते. खोपोलीच्या वर डोंगरात ठाकर आदिवासींची एक वाडी आहे, तिथली ही मुलगी. आई रानभाज्या विकते आणि मजुरीला जाते. वडील दूर एका फार्महाउसवर रखवालीला असतात. कळंबच्या पुढे एका संस्थेची निवासी शाळा आहे, तिथे बुधी शिकली. निवृत्त झाल्यावर मी त्या शाळेत दर मंगळवारी इंग्रजी शिकवायला जात असे, तेव्हा ती पाचवीत होती. पुढे कर्जतला बारावी केली आणि मुंबईत भूशास्त्रात एम.एस्सी. केलं. शनिवार-रविवार कळंबच्या रिसॉर्टवर पाहुण्यांच्या चादरी बदलायची आणि सोमवारी पहाटे परत कॉलेजला जायची, अशी पाच वर्षं काढली तिने. पावसात डोंगराची माती कधी सुटते आणि ते आधी ओळखता येतं का, यावर तिला पुढचा अभ्यास करायचा आहे. हा विषय का घेतलास, असं आमच्या भागात तिला कोणी विचारत नाही. स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठाने तिला फी, राहणं, विमानाचं तिकीट, सगळ्यासकट बोलावलं होतं.

आता प्रॉब्लेम काय, ते ऐका. गोष्ट गेल्या महिन्यातल्या एका आठवड्याची आहे.

सोमवार, कर्जत

सकाळी आठला बुधी दारात उभी राहिली. फोन माझ्यापुढे धरला. विद्यापीठाचं पत्र होतं, अतिशय सभ्य. तुमच्या पासपोर्टवर नाव Budhi आहे आणि पदवीवर Buddhi. दोन्ही कागद एकाच व्यक्तीचे आहेत याचा समाधानकारक पुरावा शुक्रवारपर्यंत पाठवावा, अन्यथा शिष्यवृत्ती यादीतल्या पुढच्या उमेदवाराला देण्यात येईल.

मी पत्र दोनदा वाचलं. एक d.

"बाई, काय करायचं?" बुधीने विचारलं. ती अजून मला बाईच म्हणते.

तुम्हाला यातली गंमत कळायची नाही. बुधी बुधवारी जन्मली म्हणून ती बुधी. त्यांच्या वाडीत वारावरून नाव ठेवायची जुनी रीत आहे. आपल्याकडे नावासाठी काय काय चालतं ते तुमच्या आईबाबांना विचारा. तुमच्या वेळी चार महिने याद्या फिरत होत्या. नाव अर्थपूर्ण हवं, छोटं हवं आणि कॅनडातल्या लोकांना म्हणता यायला हवं. इतकं करून तुझे शिक्षक तुला 'ओजॅस'च म्हणतात. बुधीच्या आईला एक क्षणही लागला नाही. 'बुद्धी' हा मात्र अगदी वेगळा शब्द आहे. मध्ये एक अर्धा द आला की वाराची अक्कल होते.

"मग शाळेत 'बुद्धी' कोणी लिहिलं?" मी विचारलं.

बुधी चहाकडे बघत म्हणाली, "जुनी गोष्ट आहे, बाई."

"ज्या कोणा दीडशहाण्याने लिहिलं असेल, त्याला आणून उभं केलं पाहिजे."

तिने बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून कपात पडलं.

"आणि पासपोर्ट काढायच्या आधी आधारवरचं नाव का नाही बदलून घेतलंस? पदवीसारखं करून टाकायचं. आज ही वेळ आली नसती."

"एजंट म्हणत होता. मीच नको म्हटलं."

"का?"

"ते माझं नाव नाही ना, बाई."

व्यवहार म्हणजे काय, या विषयावर मी तिला पाचसात वाक्यं ऐकवली. ती इथे लिहीत नाही, कारण त्यांचा काही उपयोग झाला नाही.

दहा वाजता आम्ही दाखले काढून देणाऱ्या केंद्रात गेलो. मी निळी फाइल घेतली होती. तिच्यात प्रत्येक कागदाच्या तीन प्रती आणि पहिल्या पानावर अनुक्रमणिका. खुर्चीवरच्या मुलाने ती उघडलीही नाही.

"आजी, सर्व्हर डाऊन हाय."

"मला सर्व्हर नको आहे. मला सल्ला हवा आहे."

"सल्ल्याचा बी टोकन नंबर लागतो," तो म्हणाला, आणि रांगेतली माणसं हसली. मी टोकन घेतलं. दोन तासांनी त्याच मुलाने, त्याच खुर्चीवरून सांगितलं की नाव बदलायचं तर राजपत्रात छापून यावं लागेल. दोनतीन महिने धरून चाला.

"आमच्याकडे चार दिवस आहेत."

"मंग दोन कागद करा. आईचं प्रतिज्ञापत्र, की या दोन्ही नावांची पोरगी एकच. आन् शाळेच्या रजिस्टरची नक्कल. तिथं चूक कशी झाली ते शाळेनं लिहून द्यायचं."

एवढं सांगायला त्याला अर्धं मिनिट लागलं. बाकीचे दोन तास कुठे गेले, हे मला अजून कळलेलं नाही.

मंगळवार, शिळफाटा

खोपोलीच्या गाडीत जागा मिळाली. पळसदरीला बरीचशी गाडी रिकामी झाली, धरणावर भिजायला आलेली कॉलेजची मुलं होती. त्यांच्या पाठीवरच्या पिशव्या बुधीच्या सगळ्या सामानाहून मोठ्या होत्या. ऑगस्टमध्ये इथला प्रत्येक डोंगर पांढऱ्या रेघांनी भरलेला असतो. मुलं त्यांचे फोटो काढत होती. बुधी खिडकीतून बघत होती ती मात्र दोन रेघांच्या मधल्या जागा, जिथे गवत तिरकं झालेलं दिसतं. तिने मला एक जागा दाखवली. म्हणाली, "तिथली झाडं वाकली आहेत, बघा. खालची माती चालते आहे." मला झाडं नेहमीसारखीच दिसली.

खोपोलीला उतरून शिळफाट्याला आलो आणि समोर फ्लेक्स. अकरा पुढाऱ्यांचे मोठे फोटो आणि खालच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी बुधी. मजकूर असा: 'दारिद्र्यावर मात करून सातासमुद्रापार झेप घेणाऱ्या आमच्या भगिनी कु. बुद्धिमती हिचे हार्दिक अभिनंदन.'

"हे तिसरं कुठून आलं?" मी विचारलं.

"त्यांना मोठं हवं असेल," बुधी म्हणाली. "फ्लेक्सवर जागा होती."

फोटो कुठून घेतला, तेही तिला माहीत नव्हतं. मला त्या 'मात' शब्दाचाही वैताग येतो. त्याच मुलीला त्या दिवशी पायात घालायला धड चप्पल नव्हती. एका चपलेचा अंगठा दोऱ्याने बांधलेला होता. दारिद्र्यावर मात केल्याचं तिला कोणी कळवलं नव्हतं, आणि त्या अकरांपैकी एकालाही तिचं नाव विचारावंसं वाटलं नव्हतं.

नोटरी वकील मंगळवारी कोर्टात असतात, असं त्यांच्या दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. पाटी आतल्या बाजूने लावली होती. त्यांच्या टायपिस्टने प्रतिज्ञापत्राचा मसुदा करून दिला: 'मी माझ्या मुलीस बुधी व बुद्धी या दोन्ही नावांनी ओळखते.' मुलीची आई स्वतः समोर हवी, म्हणाला. उद्या चार वाजता घेऊन या. फोनवर कळवता येईल का, असं मी बुधीला विचारलं. वाडीत रेंज नाही. पाण्याच्या टाकीवर चढलं की येते, पण पावसात आई टाकीवर चढत नाही.

म्हणजे वाडीत जाणं आलं. वडापाव खाल्ला आणि परतलो. वडापाव चांगला होता. दिवसभरात तेवढीच एक गोष्ट वेळेवर आणि सांगितली तशी मिळाली.

बुधवार, वाडी

पायथ्यापासून वाडी तासाभराची आहे, असं बुधी म्हणाली होती. तो तास तिचा होता. मला दोन लागले. वाटेत भाताची खाचरं, मग नाचणीची उतरती शेतं, मग नुसताच चढ. एका वळणावर मी घसरले आणि छत्रीवर बसले. छत्रीचं सांगायला नको. वरून बुधीची आई हिराबाई उतरत होती, डोक्यावर कुर्डूच्या भाजीची टोपली होती. तिने टोपली खाली ठेवली, मला हाताला धरून उठवलं आणि म्हणाली, "दगडावर पाय ठिवा बाई, मातीवर नका. दगूड सांगून हालतो."

मी तिथेच तिला कागदाचं सांगायला सुरुवात केली. ती म्हणाली, "आदी खाऊन घ्या. कागद काय पळून जात नाय."

"कागदच पळून चाललाय, हिराबाई. शुक्रवारी."

"मंग तर खाऊनच धरू त्याला."

घर शेणाने सारवलेलं, माझ्या स्वयंपाकघराहून स्वच्छ. नाचणीची भाकरी, कुर्डूची भाजी, मिरचीचा ठेचा आणि माझ्यासाठी मुद्दाम चहा, बिनदुधाचा. आपल्याकडे पाहुणा आला की आधी बस म्हणतात, मग काय घेणार विचारतात आणि पाहुणा काही नको म्हणतो. इथे यातलं काहीच होत नाही. ताट समोर येतं. मला ते फार सोयीचं वाटलं.

शेजारची म्हातारी दारात येऊन बसली. तिने बुधीला विचारलं, "डोंगर सोडून डोंगराचं शिकाया चाललीस व्हय गं? तिथं हायेत का डोंगर?"

"हायेत की, आजे. आपल्यापेक्षा लय म्हातारे हायेत."

"मंग त्यांना इचार, खाली उतराया लागले की आदी सांगत्यात का."

"त्येच इचारायला चाललेय."

म्हातारी हसली नाही. तिने मान हलवली आणि भाकरीचा तुकडा मागून घेतला.

उतरताना हिराबाई पुढे, मी मध्ये, बुधी मागे. चारला पाच मिनिटं असताना आम्ही शिळफाट्याला नोटरीसमोर होतो. मला माझा अभिमान वाटला होता. तो दहा मिनिटं टिकला.

वकीलसाहेबांनी मसुदा मोठ्याने वाचला आणि विचारलं, "मुलीचं नाव काय?"

"बुधी," हिराबाई म्हणाली.

"आणि बुद्धी कोण?"

"ती शाळंतली."

"म्हणजे दोघी एकच ना?"

हिराबाईने विचार केला. "मी तिला बुधी म्हनते. बुद्धी म्या कदी म्हनलं नाय."

"पण ओळखता ना त्या नावाने?"

"नाय वळखत."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हिराबाईला बाजूला घेतलं आणि समजावलं की ही नुसती सही आहे, रीत असते, सगळे करतात.

"वर काय लिवलंय?" तिने विचारलं.

"'शपथेवर सांगते.'"

"आन् खाली लिवलंय की मी तिला दोनी नावानं वळखते. ते खोटं हाय." तिने पदर नीट केला. "बाई, तुमी शिकलेल्या. शपत म्हंता, आन् नुसती म्हंता?"

मग मसुदा बदला, असं मी वकीलसाहेबांना म्हटलं. 'शाळेत तिचे नाव बुद्धी असे लिहिले गेले' एवढंच लिहा. ते म्हणाले, शाळेत काय लिहिलं ते आईने पाहिलेलं नाही, ते शाळेने सांगायला हवं. तेही खरं होतं. त्या खोलीत सगळेच खरं बोलत होते आणि शिष्यवृत्ती हातातून चालली होती. मी बुधीला म्हटलं, "सांग ना आईला. तू सांगितलंस तर ऐकेल."

"ऐकेल," बुधी म्हणाली. "म्हणूनच नाही सांगत."

परतीच्या गाडीत मी त्या मुलीशी एक शब्द बोलले नाही. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी दोन तास चिखल चढून गेलेल्या बाईला तेवढा हक्क असावा.

गुरुवार, कळंबच्या पुढे

आता उरलं फक्त शाळेचं रजिस्टर. सहा आसनी रिक्षात आम्ही नऊ जण होतो. कळंबला रिसॉर्टच्या कमानी एकापुढे एक लागतात. त्यांतल्या एकीपाशी बुधीला कोणीतरी हाक मारली, तिच्याबरोबर चादरी बदलणारी मुलगी असावी. "कधी निघतेस गं?" असं तिने ओरडून विचारलं. रिक्षा थांबली नाही, त्यामुळे बुधीला उत्तर द्यावं लागलं नाही.

शाळेचे मुख्याध्यापक तरुण आणि नवे आहेत. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली आणि सांगितलं की कपाटाची किल्ली कारकुनाकडे आहे आणि कारकून भाताला खत टाकायला गेले आहेत. दीड तासाने कारकून आले, चिखलाच्या पायांनी. कपाट उघडलं. शिक्का सापडला, त्याची शाई वाळलेली होती. त्यात पाणी टाकायला एक बाई धावली. मी खुर्चीवर बसून मनातल्या मनात चांगल्या इंग्रजीत चिडत होते. माझ्या शिक्षणाचा तेवढा एक उपयोग शिल्लक आहे.

मग रजिस्टर आलं. मुख्याध्यापकांनी पान काढलं आणि म्हणाले, "वा. अक्षर काय सुंदर आहे. कोणाचं असेल?"

निळीकाळी शाई. शिरोरेघ एका पातळीत. प्रत्येक रकान्याच्या डावीकडे एक बोट जागा सोडलेली. तशी जागा सोडायची सवय मला शाळेत बाईंनी छड्या मारून लावली होती.

बुधी खिडकीतून बाहेर बघत होती.

"माझं आहे," मी म्हणाले.

सगळं आठवलं. जुन्या रजिस्टरला वाळवी लागली होती. नवं उतरवून काढायचं काम मी आपण होऊन घेतलं, कारण तिथल्या कोणाचंच अक्षर मला बघवत नव्हतं. दोन आठवडे लागले. उतरवताना 'बुधी' आलं. कोणा घाईच्या मास्तरांनी जोडाक्षर मोडलं असणार, असं मी ठरवलं आणि दुरुस्त केलं. विचारायचं सुचलं नाही. ती मुलगी तेव्हा शेजारच्याच वर्गात बसलेली होती. जुन्या रजिस्टरमध्ये पुरावा असता, पण वाळवी पसरू नये म्हणून ते जाळून टाका, असं सांगणारीही मीच.

"असं करू," मुख्याध्यापक म्हणाले. "'लेखनिक प्रमाद' असं लिहून देतो. कोणाचं नाव यायला नको."

"मग चूक कोणाची म्हणून पाठवणार?"

"कारकुनी चूक कोणाची नसते, बाई."

"त्यांनी समाधानकारक पुरावा मागितला आहे. कोणाचीच नसलेली चूक मला समाधानकारक वाटत नाही, त्यांना का वाटावी? कागद द्या."

मी इंग्रजीत लिहिलं. पूर्ण नाव, शिक्षण, किती वर्षं या शाळेत शिकवलं. या मुलीचं जन्मनाव बुधी आहे. तो वाराचा शब्द आहे, चूक नाही. मूळ नोंद तशीच होती. ती मी उतरवताना, कोणालाही न विचारता, चूक समजून बदलली. तिच्या पुढच्या सगळ्या कागदांवर जे नाव आहे, ते माझ्या या बदलामुळे. हा मजकूर बुधवारी हिराबाईसमोर ठेवला असता तर तिनेही अंगठा दिला असता, कारण यात खोटं काही नव्हतं. मुख्याध्यापकांनी खाली सही केली. शिक्का अर्धाच उठला, म्हणून दोनदा मारला. रजिस्टरच्या पानाची नक्कल जोडली.

बाहेर रिक्षाची वाट बघत आम्ही बांधावर बसलो.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"सोमवारपासून?"

"पाचवीपासून."

"मग बोलली का नाहीस? मी चार दिवस त्या दीडशहाण्याच्या नावाने खडे फोडते आहे."

"तुम्ही वर्गात सांगितलं होतं, बाई. बुधी म्हणजे नुसता वार, बुद्धी म्हणजे अक्कल, आता तुला चांगलं नाव दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाही बरं वाटलं. सुट्टीत घरी जाऊन आईला सांगितलं, तर आई म्हणाली, मंग आदी काय अक्कल नव्हती काय?"

"तेव्हाच यायचं होतंस माझ्याकडे."

"पाचवीत? तुमच्याकडे?" ती पहिल्यांदा हसली. "बाई, तुम्ही नुसतं काना-मात्रेवरून मुलांना उभं करायचात."

"आणि या सोमवारी?"

"सोमवारी सांगितलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं, आणि मग तुम्ही नुसतं सॉरी म्हणत बसला असतात. चिडलेल्या होतात तेच बरं होतं. त्या केंद्रात चिडल्याशिवाय काम होत नाही."

रिक्षा आली. या वेळी दहा जण होते.

शुक्रवार, कर्जत

सकाळी साडेनऊला सगळे कागद स्कॅन करून पाठवले. वीज दोनदा गेली. स्कॉटलंड आपल्या मागे असतं, तिथे उजाडेपर्यंत वाट बघायची होती. बुधी माझ्याकडेच थांबली. मी कपाट आवरलं, मग पुन्हा आवरलं. ती ओट्याशी उभी राहून भांडी घासत होती. नको म्हटलं तरी ऐकलं नाही. दोघींपैकी कोणीही 'पुढचा उमेदवार' हा शब्द काढला नाही.

दुपारी तीनला फोन वाजला. पत्र तीन ओळींचं होतं. कागद मिळाले, आभारी आहोत, आपल्या शिक्षिकेचं पत्र पुरेसं आहे, प्रवेशाचं पत्र सोमवारी निघेल. पाच दिवस, एक छत्री, माझे दोन्ही गुडघे, आणि त्यांना लागत होतं ते एक पान. ते मी सोमवारी सकाळी घरी बसून लिहू शकले असते, जर मला माझंच अक्षर आठवलं असतं.

खाली एक प्रश्न होता: आमच्या नोंदीत आणि पुढे पदवीवर आपलं नाव कोणतं ठेवायचं?

बुधीने हात पुसले आणि पाच अक्षरं टाइप केली. मला विचारलं नाही.

तर ओजस, प्रॉब्लेम हा होता. शिष्यवृत्ती मिळवायला तिला सतरा वर्षांची शाळा-कॉलेजं लागली आणि ती तिने एकटीने केली. गमवायला माझी एक दुरुस्ती पुरली असती. तू अर्ज भरायचा कंटाळा करतोस, असं तुझी आई म्हणते. भर. पण पाठवायच्या आधी स्वतःचं नाव स्वतः वाचून बघ.

बुधीला निरोप द्यायला मी विमानतळावर गेले नाही. हिराबाई गेली, वाडीतले पंधरा जण टेंपो करून गेले. त्या गर्दीत एका शिक्षिकेची भर नको होती. काल मात्र मी पुन्हा शाळेत गेले, बुधीच्या अर्जावरून रजिस्टरमध्ये लाल शाईने करायची दुरुस्ती नीट झाली आहे का ते बघायला. झाली आहे. नियमाप्रमाणे मूळ नोंद खोडत नाहीत, तिच्यावर एक रेघ मारून बाजूला लिहितात. मग मी ते पान सावकाश वाचलं, त्या गुरुवारी वाचलं नव्हतं तसं. नाग्याचा नागेश. मंगळीची मंगला. पोशीची पौर्णिमा. काळूचा कालिदास. दुरुस्त करून घ्या, असं मी मुख्याध्यापकांना म्हटलं. ते म्हणाले, ज्याच्या त्याच्या घरून अर्ज यावा लागतो, आणि तसा अर्ज करायची वेळ त्यांच्यावर अजून आलेली नाही. त्या पानावर माझ्या सुंदर अक्षरात अशी सात नावं आहेत. त्यांच्यापैकी कोणालाही आजवर पासपोर्ट लागलेला नाही, म्हणून ती अजून तशीच आहेत.